निवडणूक हरलेली गौरव्वा

गौरव्वाचं कुणी तोंडावर कौतुक केलं की ती कानामागं हात धरायची आणि विचारायची, "काय म्हनलास? ऐकू येत न्हाय." बोलणारा पुन्हा सांगायचा, जरा मोठ्यानं. ती पुन्हा मान हलवायची. शेवटी तो कंटाळून विषय बदलायचा आणि मग तिचे कान एकदम तल्लख व्हायचे. शिवी मात्र तिला चार घरं पलीकडून ऐकू यायची. ऐकू आली तरी ती गादीवरून हलत नसे. तिथूनच हाक मारायची, "एवढ्या लांबून कशाला बोलतोस, हितं येऊन बोल की."

सोलापुरात मंगळवार पेठेच्या तोंडाशी तिचं ज्वारीचं दुकान होतं. नवरा गेल्यावर दिरांनी दुकान विकायचं ठरवलं, तेव्हा ती सरळ गादीवर जाऊन बसली आणि मग उठलीच नाही. माहेर अक्कलकोटच्या बाजूचं, घरात कानडी, दुकानात मराठी. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, आणि हातात सतत मूठभर ज्वारी. बोलताना ती ज्वारी या हातातून त्या हातात ओतत राहायची. समोर मी तिला अहो-जाहो करत असे. लिहिताना मात्र ती 'ती'च होते, आईसारखी.

मी बार्शीची. लग्न होऊन सोलापूरला आले तेव्हा तीस सालचा मार्शल लॉ उठून थोडीच वर्षं झाली होती आणि लोक अजून त्या दिवसांबद्दल आवाज खाली करून बोलत. आमचे हे एका गिरणीत कारकून होते. माझं ट्रेनिंग झालेलं असल्यामुळं मला मुलींच्या शाळेत जागा मिळाली. पहिल्याच आठवड्यात मी गौरव्वाच्या दुकानी गेले आणि बार्शीच्या बाजारात वाढल्याच्या तोऱ्यात एका पोत्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ही द्या." तिनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ती घेऊ नको. ती दिसायला गोरी हाय, भाकरी थापताना फाटती. ही घे, मंगळवेढ्याची." मग तिनं विचारलं, "काय करतीस?"

"शाळेत शिकवते."

"पगार तुज्या हातात देतात का नवऱ्याच्या?"

"माझ्या."

"मग बस घटकाभर," असं म्हणून तिनं गादीवर शेजारी जागा करून दिली. त्या दिवसापासून मी तिची 'मास्तरीण' झाले आणि आमचे हे 'मास्तरणीचा कारकून'.

ती राजकारणात पडली ती आमच्या शाळेमुळं. शाळा एका भाड्याच्या माडीत भरत असे आणि तिथं मुलींसाठी संडास नव्हता. मोठ्या मुली सकाळपासून पाणी पीत नसत. उन्हाळ्यात एक मुलगी वर्गात चक्कर येऊन पडली. तिला मी घरी पोचवायला निघाले तेव्हा वाटेत गौरव्वाच्या दुकानात जरा टेकवलं. गौरव्वानं तिला पाणी दिलं. मुलगी घ्यायला तयार होईना. का, ते मी हळूच सांगितलं. गौरव्वा ज्वारी एका हातातून दुसऱ्या हातात ओतत राहिली. मग म्हणाली, "आमी पेठंतल्या बायका बी तेच करतो की. उजाडायच्या आत गिरणीच्या भिंतीमागं जायाचं, न्हाय तर दिवस मावळायची वाट बघायची. मला वाटलं शाळा शिकलेल्या पोरींचं तरी निराळं असंल."

दुसऱ्या दिवशी ती आमच्या वॉर्डाच्या मेंबरांकडं गेली. बाजारात पुरुषांसाठी संडास बांधून झाले होते, बायकांसाठी नव्हते. मेंबर पेठेतले वजनदार गृहस्थ, पुष्कळ वर्षं निवडून येणारे. ते हसून म्हणाले, "गौरव्वा, असले विषय सभेत बोलायचे नसतात."

"मग सभंतल्या लोकांनी जायाचं तेवढं बंद करावं की," असं म्हणून ती परत आली.

ही गोष्ट दोन दिवसांत गावभर झाली. आम्ही शिक्षिका, दोन-तीन वकिलांच्या बायका आणि आमच्या शाळेचे सेक्रेटरी, जे स्वतः वकील होते, असे सगळे मिळून तिच्याकडं गेलो आणि म्हणालो की येत्या म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला तुम्ही उभ्या राहा. तिनं पुन्हा कानामागं हात धरला. या वेळी आम्ही विषय बदलला नाही. शेवटी ती म्हणाली, "होगली बिडू." जाऊ दे, असा त्या कानडी शब्दांचा अर्थ. पण ती ते नकाराला वापरत नसे. एखादी गोष्ट करायचं ठरलं आणि त्यावर आता चर्चा नको, असं झालं की म्हणत असे.

आम्ही आनंदात होतो, आणि त्याच आठवड्यात मला घरातच कळलं की आमच्या यांच्या मंडळानं दुसरा उमेदवार ठरवला आहे.

सखाराम मास्तर अस्पृश्यांच्या मुलांच्या शाळेत शिकवत. उंच, सडपातळ, अंगात स्वच्छ धुतलेला पण कोपरावर ठिगळ लावलेला कोट. त्यांच्या वस्तीत नळ नव्हता. वस्तीतल्या लोकांनी पेठेच्या नळाला हात लावायचा नाही, हा कायदा कुणी लिहिला नव्हता, पण सगळे पाळत होते. घागर लांब ठेवून, कुणीतरी दया येऊन ओतेल याची वाट बघायची. मास्तरांनी त्याबद्दल कितीतरी अर्ज केले होते. आमच्या यांच्या वाचनालयातली तरुण मंडळी म्हणाली, राखीव जागेची वाट कशाला पाहायची, मास्तरांना आपल्याच वॉर्डातून सर्वसाधारण जागेवर उभं करू. विचार चांगलाच होता. आमचाही चांगला होता. जागा एक होती.

पहिले काही दिवस आम्ही नवराबायको हसून बोलत होतो. मग एका रविवारी जेवताना हे म्हणाले, "एक विचारू? गावात इतक्या वर्षांत बाई उभी करायचं तुमच्या वकिलांना सुचलं नाही. मास्तरांचं नाव निघाल्यावरच कसं सुचलं?"

"आमचं आधी ठरलं होतं."

"ठरलं असेल. पण आता जे लोक तुमच्याकडं येताहेत ते बाईसाठी येत नाहीत. अस्पृश्य नको म्हणून येताहेत."

मला राग आला, कारण मलाही दोन-चार चेहऱ्यांबद्दल तसंच वाटलं होतं. मी म्हणाले, "आणि तुमच्या मंडळात एक तरी बाई आहे का? मास्तरांच्या नावाआड लपून तुम्हा सगळ्यांना बाईच्या हाताखालचा कारभार टाळायचा आहे, ते आधी कबूल करा."

त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि उठले. त्यानंतर आमच्या घरात मिठाचं, दुधाचं, किल्लीचं एवढंच बोलणं राहिलं. आणि हे फक्त आमच्याकडंच नव्हतं. वाचनालयाच्या एकाच बाकावर बसून वर्षानुवर्षं एकच वर्तमानपत्र वाटून वाचणारी माणसं आता वेगवेगळ्या वेळी येऊ लागली. आम्ही त्यांना स्त्रियांचे वैरी म्हणत होतो, ते आम्हाला सोवळ्यातले सुधारक म्हणत होते. जुने मेंबर या सगळ्यात कुठंच नव्हते. ते शांतपणे घरोघर पान-सुपारी देत फिरत होते.

मग एक पत्रक निघालं. खाली नाव कुणाचं नव्हतं, पण ते मास्तरांच्या बाजूच्या मंडळींनी काढलं हे सगळ्यांना माहीत होतं. 'घरात नवरा राहिला नाही म्हणून गावाचा संसार करायला निघालेली बाई,' अशी सुरुवात होती. पुढं दुकानात पुरुषांच्या मांडीला मांडी लावून बसण्याबद्दल होतं, आणि शेवटी एक चार ओळींचं गाणं, जे पोरं रस्त्यानं म्हणत जात. मी ते घेऊन दुकानी गेले. गौरव्वानं मला मोठ्यानं वाचायला लावलं. गाण्यापाशी मी थांबले.

"वाच की."

"नको, गौरव्वा."

"पोरं म्हनतात ते मी ऐकलंय. तुज्या तोंडून ऐकलं तर त्यातला घानेरडेपना जरा कमी व्हईल, म्हनून म्हनते."

मी वाचलं. तिनं ज्वारी पोत्यात टाकली, हात झटकले. "नवऱ्याचं काढाय नको होतं," एवढंच म्हणाली. तिचा नवरा चांगला माणूस होता असं सगळे सांगत. त्या दिवशी दुपारभर ती गिऱ्हाइकाशी कानडीतच बोलली.

त्यानंतर दोन दिवसांनी आमची सभा झाली, पेठेतल्या मारुतीच्या देवळासमोर, ऊन उतरल्यावर. गर्दी चांगली होती. बायका एका बाजूला सतरंजीवर, पुरुष उभे. सेक्रेटरी वकील बोलायला उठले. पत्रकाचा निषेध त्यांनी फार सुरेख केला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मग टाळ्या मिळाल्या तसा त्यांचा आवाज चढला.

"आपण जुन्या मेंबरांना कंटाळलो आहोत, कबूल. पण उद्या सभागृहात तुमच्या-आमच्या शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसणार, पाण्याचा पेला कुणाच्या हातून फिरणार, याचा विचार घरी जाऊन करा. आमची उमेदवार बाई असली तरी चांगल्या घरातली आहे."

पुरुषांच्या बाजूनं हशा झाला आणि टाळ्या पडल्या. मी गौरव्वाकडं पाहिलं. ती उठली. तिला पुढं बोलायचं होतंच, म्हणून लोकांना वाटलं ती बोलायला उठली. ती वकिलांच्या जवळ गेली आणि साध्या आवाजात म्हणाली, "वकीलसाहेब, खाली बसा."

"माझं अजून—"

"संपलं तुमचं. बसा."

ते बसले. गौरव्वाला भाषण येत नव्हतं. आम्ही तिला चार वाक्यं पाठ करून दिली होती, त्यातलं एकही ती बोलली नाही.

"माज्यावर गानं केलं तेव्हा मला लई वाईट वाटलं," ती म्हणाली. "आता वकीलसाहेबांनी मास्तरांवर केलं. तितं चाल व्हती, हितं चाल न्हाय, एवढंच. आनि मी बाई असली तरी चांगली म्हनाले. म्हंजी त्या गान्यात मी बी आलेच. ज्यांना पान्याच्या पेल्यासाटी मला मत द्यायचंय त्यांनी देऊ नका. मला ते मत नको. घरला जावा, जेवा."

आणि ती मंचावरून खाली उतरून सतरंजीवर आमच्यात येऊन बसली. सभा तिथंच मोडली. वकील आमच्या अंगावर खेकसले, "तुमच्या उमेदवारानं स्वतःच्या हातानं बाजारची मतं घालवली." ते खरं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते आणि त्यांची माणसं आमच्याबरोबर फिरेनाशी झाली.

गोष्ट इथं संपली असती तर गौरव्वाची आठवण मी एखाद्या पुतळ्यासारखी जपली असती. पण पुढं जे घडलं त्यामुळं ती मला जास्त जवळची झाली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दुकानात बसले होते. सखाराम मास्तर आले. दुकानाला पायऱ्या होत्या, ते पायऱ्यांच्या खाली उभे राहिले आणि नमस्कार करून म्हणाले, "कालच्या सभेचं कळलं. आभार मानायला आलो."

"वर या की, मास्तर."

ते हलले नाहीत. मग म्हणाले, "राग मानू नका. तुम्ही माझा सभेत मान राखलात, तो मी विसरणार नाही. पण माझी बायको सोनाबाई दर बाजारी इथंच उभी राहते, जिथं मी आता उभा आहे. तिला कधी कुणी वर या म्हटलं नाही. तिच्या पदरात ज्वारी वरून ओततात. निम्मी मातीत सांडते. ती वेचून आणते."

गौरव्वाचा चेहरा लाल झाला. दुकानातला तिचा जुना माणूस, मल्लप्पा, मापटं हातात धरून तसाच थांबला.

"तुमच्यासाटी मी मतं घालवली," गौरव्वा म्हणाली, "आनि तुमी माज्या दारात येऊन हे काढता?"

"तुम्ही ऐकून घ्याल असं वाटलं म्हणून काढलं. दुसऱ्या कुठल्या दुकानात काढलं नसतं."

तिनं मूठभर ज्वारी हातात घेतली. मग तिनं विचारलं, "ते पत्रक तुमच्या लोकांनी काढलं न्हवं?"

"हो."

"तुमी वाचलं?"

"वाचलं." मास्तरांनी खाली पाहिलं. "खोटं कशाला सांगू. गाणं वाचून पहिल्यांदा मला हसू आलं. मग सोनाबाईनं विचारलं, कशाला हसता, तर तिला वाचून दाखवता येईना. तेव्हा कळलं."

"थांबवलं का मग?"

"नाही. सगळे म्हणाले, निवडणुकीत एवढं चालतं."

"माजा सासरा बी असंच म्हनायचा," गौरव्वा म्हणाली. "दुकानात एवढं चालतंय म्हनून."

मास्तर नमस्कार करून निघून गेले. गौरव्वा संध्याकाळपर्यंत चिडलेली होती. मल्लप्पावर ओरडली, माझ्यावर ओरडली. मी निघाले तेव्हा म्हणाली, "मास्तरीण, तू एवढी शिकलेली, इतके दिवस माज्या गादीवर बसतीस. तुला बी दिसलं न्हाय?" मी चपला घातल्या, आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मला शाळेला सुट्टी होती. दुकानासमोर गर्दी होती. सोनाबाई वस्तीतल्या आणखी दोघींबरोबर आली आणि नेहमीच्या जागी उभी राहिली. गौरव्वा गादीवरून उठली, पायऱ्या उतरून खाली गेली आणि तिच्या दंडाला धरून म्हणाली, "वर चल."

सोनाबाई घाबरली. "नको, अव्वा. लोक बघत्यात."

"बघू दे की. दुकान माजं हाय."

तिनं तिला वर आणलं, पोत्यात हात घालून दाणे दाखवले, निवडायला सांगितलं. सोनाबाईनं पोत्यात हात घातला आणि मूठभर दाणे वर काढून पाहिले. गौरव्वानं स्वतः मापटं भरून तिच्या ओंजळीला टेकवून पदरात ओतलं. एक दाणा खाली पडला नाही. समोरची दोन गिऱ्हाइकं न घेताच निघून गेली. मल्लप्पानं मापटं खाली ठेवलं आणि म्हणाला, "अव्वा, मला जमायचं न्हाय." तो सासऱ्याच्या वेळेपासूनचा माणूस. गौरव्वा त्याला म्हणाली, "जा, पन जेवून जा." तो गेला. काही महिन्यांनी परत आला, न बोलता मापटं उचललं आणि कामाला लागला. पण तोपर्यंत ती एकटीनंच पोती ओढत होती.

निवडणुकीचा निकाल सगळ्यांना अपेक्षित होता तोच लागला. जुने मेंबर निवडून आले. मास्तर आणि गौरव्वा दोघंही पडले. वाजतगाजत मिरवणूक पेठेतून गेली, आणि आम्ही दोन्ही पक्षांचे सुधारक एकमेकांवर तुटून पडलो. आमचे म्हणाले, मास्तर उभे राहिले नसते तर बाई आली असती. त्यांचे म्हणाले, बाई बसली असती तर मास्तर आले असते. आमच्या घरात तर मिठाचंही बोलणं बंद झालं.

एक दिवस ऐन जेवणाच्या वेळी गौरव्वा आमच्या बिऱ्हाडी आली. यापूर्वी ती कधी आली नव्हती. ती आत येऊन भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, "वाढ."

मी भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. हे दुसऱ्या भिंतीशी पाठ करून बसले होते. तिनं एक घास घेतला.

"उभी मी राहिले. पडले मी. मास्तर पडले. आमी दोगं बोलतो. आनि तुमचं बोलनं बंद हाय म्हनं? का, तुमी दोगं कशात पडला होता?"

यांना हसू आवरेना. मला रडू आलं. गौरव्वानं दोघांकडंही लक्ष न देता चटणीत तेल कमी आहे असं सांगितलं. जेवण झाल्यावर ती यांना म्हणाली, "कारकून, तुमाला इंग्रजी अर्ज लिहिता येतो न्हवं? एक लिहून द्या. वस्तीतल्या नळाचा. खाली दोन सह्या. माजी आनि मास्तरांची."

मी चमकले. "गौरव्वा, आणि संडासाचं? तुम्ही त्यासाठीच उभ्या राहिला होतात ना? शाळेतल्या बायका काय म्हणतील?"

खरंच, आमच्या शिक्षिका पुढं तसं म्हणाल्याच. बायकांचं काम सोडून गौरव्वा मास्तरांच्या मागं लागली, असं. तिनं त्या सगळ्यांना जे उत्तर दिलं ते त्या दिवशी आधी मला दिलं.

"वस्तीत पानी कोन भरतंय, मास्तरीण? मास्तर भरतात व्हय? सोनाबाई भरती. तिच्या पोरी भरतात. सकाळपासनं नळाशी घागर ठेवून उभ्या असतात. हे बायकांचं काम न्हाय तर कुनाचं हाय?"

यांनी कागद पुढं ओढला.

मग तो एक विलक्षण देखावा सोलापूरनं पाहिला. निवडणूक हरलेले दोन उमेदवार आठवड्यातून एकदा म्युनिसिपालिटीच्या कचेरीत जाऊन एकाच बाकावर बसू लागले. गौरव्वा डब्यात भाकरी नेत असे. मास्तर शाळा सुटल्यावर येत. पहिल्या-पहिल्यांदा गौरव्वा डबा उघडून आपली आपण खायची. मास्तरही मागत नसत. मग कधीतरी तिनं अर्धी भाकरी त्यांच्याकडं सरकवली. त्यांनी ती घेतली, आणि दुसऱ्या खेपेला सोनाबाईच्या हातची वांग्याची भाजी आणली. गौरव्वा लिंगायत, कुणाच्या हातचं ते बघून खाणारी. भाजी पुढं आली तेव्हा तिचा हात जरा थांबला, असं मास्तरांनीच मला पुढं सांगितलं. "थांबला, आणि मग आला. थांबला नसता तर मला ते नाटक वाटलं असतं."

कचेरीतले कारकून त्यांना बघून कंटाळले, मग हसू लागले, मग खुर्च्या देऊ लागले. जुने मेंबर या दोघांना टाळायला मागच्या दारानं यायचे. शेवटी त्यांनीच नळाचा ठराव मांडला. मंजूर झाल्यावर ते म्हणाले, "निदान आता तरी माझा पिच्छा सोडा." गौरव्वा म्हणाली, "आता संडासाचा अर्ज."

नळ आला तेव्हा काही समारंभ झाला नाही. पाणी आलंय असा निरोप आला तेव्हा गौरव्वाचं पोत्यांचं गाडं उतरत होतं. ती गेलीच नाही. संडास मात्र तिच्या हयातीत झाला नाही. अर्ज फिरत राहिला. आमची शाळा पुढं दुसऱ्या इमारतीत गेली आणि तिथं मुलींची सोय झाली, पण पेठेतल्या बायका भिंतीमागंच जात राहिल्या. त्याचं तिला फार वाईट वाटे. अखेरच्या दिवसांत ती म्हणायची, "दोन कामं धरली, एक झालं. त्यो मेंबर जिंकूनच बसलाय की, मास्तरीण."

तिला दम्यानं धरलं होतं. एका थंडीत तो वाढला आणि तिनं दुकान पुतण्याच्या हाती दिलं. मी रोज शाळेला जाताना बघून यायची. ती अंथरुणावर उशांना टेकून बसलेली असे. बोलायला त्रास व्हायचा, तरी विचारायचीच, "जेवलीस का?" एका सकाळी मी गेले तेव्हा दारात चपला पुष्कळ होत्या.

लिंगायतांमध्ये देह बसवून नेतात आणि तसाच पुरतात. तिलाही बसवलं होतं, विभूती लावून, फुलांनी मढवून. बाजारातली माणसं आली होती, दीर आले होते, जे तिच्याशी वर्षानुवर्षं बोलले नव्हते. आमचे हे होते. वकीलसाहेबही आले आणि मागं उभे राहिले. लिंगायतांच्या रुद्रभूमीत, दफनाच्या जागी, पोचलो तेव्हा पाहिलं तर तिथं आधीच एक घोळका उभा होता. वस्तीतल्या बायका, सोनाबाई, आणि पुढं सखाराम मास्तर. ते अंत्ययात्रेत न येता लांबच्या रस्त्यानं तिथं येऊन थांबले होते.

थोरले दीर त्यांच्याकडं बघून पुतण्याला मोठ्यानं म्हणाले, "हे कोण? यांना कुणी बोलावलं?"

पुतण्या तरुण पोरगा, त्याला काय करावं कळेना. मास्तर पुढं आले नाहीत, मागंही सरले नाहीत. कोटाची बटणं लावलेली, डोळे लाल. ते म्हणाले, "बोलावलं कुणी नाही. आम्ही गौरव्वांच्या पक्षाची माणसं आहोत."

दिरांनी तोंड फिरवलं. विधी करणारे जंगमस्वामी थांबले होते. पुतण्यानं एकदा काकाकडं पाहिलं, एकदा त्या बसलेल्या देहाकडं. मग तो बाजूला झाला आणि त्यानं वाट करून दिली. देह खड्ड्यात उतरवल्यावर सोनाबाई पुढं आली, खाली वाकली, आणि तिनं पहिली मूठ माती घातली.